मुंबईचे कार्टर, मद्रासचे अय्यंगार आणि एक हिरवा गोलक

मरीना किनाऱ्यावर सायंकाळी फेरफटका मारणाऱ्या आपल्या मंडळींना प्रेसिडेन्सी कॉलेजची तांबडी वास्तू नित्य दिसते. त्या विद्यालयात एके काळी वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका अध्यापकाने पाण्यातील सूक्ष्म शैवालाला दिलेले नाव आज देशोदेशींच्या रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत रूढ आहे. त्या नावाचा पूर्वार्ध मुंबईचा आणि उत्तरार्ध मद्रासचा, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नाही. महाराष्ट्र सोडून या नगरीत स्थायिक झालेल्या आपणांस ती जवळची वाटावी.

ते नाव असे : व्हॉल्व्हॉक्स कार्टेराय, प्रकार नगरिएन्सिस. हेन्री जॉन कार्टर (१८१३–१८९५) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतील शल्यवैद्य. रुग्णसेवेतून उसंत मिळताच ते मुंबईच्या गोड्या पाण्यातील सूक्ष्म जीव न्याहाळीत. व्हॉल्व्हॉक्सच्या प्रजननाविषयीचा त्यांचा निबंध १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे श्टाइन या शास्त्रज्ञाने त्यांच्या गौरवार्थ या जातीला ‘कार्टेराय’ हे नाव दिले.

नावाचा उत्तरार्ध मंडयम ओसुरी पार्थसारथी अय्यंगार (१८८६–१९६३) यांचा. भारतीय शैवालशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन, लंडनला फ्रिट्श या विख्यात शैवालशास्त्रज्ञाकडे संशोधन आणि नंतर मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेचे संचालकपद, असा त्यांचा प्रवास. तळी, डबकी आणि ओली जमीन हेच त्यांचे कार्यक्षेत्र. १९३२ मध्ये त्यांनी ओल्या मातीवर वाढणाऱ्या एका शैवालाचे वर्णन केले आणि गुरूंच्या नावावरून त्याला ‘फ्रिट्शिएला’ म्हटले. जमिनीवरील वनस्पतींचे पूर्वज असेच असावेत, असे तर्क त्यावरून पुढे पुष्कळ झाले व पाठ्यपुस्तकांतही शिरले. दक्षिण भारतातील व्हॉल्व्हॉक्स-कुळावरील त्यांचा निबंध १९३३ चा. ‘नगरिएन्सिस’ हा प्रकार त्यात प्रथम वर्णिला गेला. त्याचा त्या वेळी फारसा बोलबाला झाला नाही.

काळाने मात्र निराळाच निवाडा केला. जनुकांच्या तुलनेवरून असे दिसून आले की, भूवनस्पती हिरव्या शैवालांच्या दुसऱ्याच शाखेतून निपजल्या; फ्रिट्शिएला त्या वंशपरंपरेत बसत नाही. तर्क मावळला. उलट, ती दुर्लक्षित नोंद उजेडात आली. अमेरिकेतील रिचर्ड स्टार यांनी जपानातून मिळविलेले या प्रकाराचे वाण प्रयोगशाळेत वाढविले आणि त्याचे विकसन अभ्यासिले. त्या वाणाची ओळख पटविण्यास अय्यंगारांनी केलेले वर्णनच उपयोगी पडले.

या हिरव्या गोलकाचे एवढे अप्रूप कशासाठी? त्याच्या पृष्ठभागी सुमारे दोन हजार लहान पेशी असतात. त्या कशाभिका हलवून गोलकाला पोहवितात आणि कालांतराने मरून जातात. आत सोळापर्यंत मोठ्या पेशी असतात. पुढची पिढी त्यांतूनच जन्मते. देह आणि बीज यांची ही अत्यंत सोपी वाटणी होय. एकटी पेशी समाज कसा बनविते आणि त्यात कोणी झिजावे, कोणी वंश चालवावा हे कसे ठरते, याचा उलगडा येथे होऊ शकतो. डेव्हिड कर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘रेग-ए’ या जनुकाचे कार्य उघड केले. ते बिघडले की लहान पेशी पोहण्याचे काम सोडून वाढू लागतात आणि स्वतःच प्रजनन करू पाहतात. २०१० मध्ये या शैवालाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे साडेचौदा हजार जनुके आढळली. एकपेशीय भावंड असलेल्या क्लॅमिडोमोनासच्या जनुकांहून ही संख्या फारशी वेगळी नाही. म्हणजे समाज घडविण्यास नवी सामग्री फारशी लागली नाही. जुन्याच सामग्रीची नवी मांडणी बहुतांशी पुरली.

अय्यंगारांनी यांतले काही पाहिले नाही. त्यांच्या काळी जनुक वाचण्याचे साधनच नव्हते. त्यांचे शिष्य टी. व्ही. देसिकाचारी यांनी गुरूंच्या निधनानंतर अठरा वर्षांनी, १९८१ मध्ये, दोघांच्या नावे ‘व्हॉल्व्होकेल्स’ हा ग्रंथ पूर्णत्वास नेला. एखादे सरकारी टिपण वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते आणि अचानक एका प्रकरणात तेच निर्णायक ठरते, हा अनुभव मला नोकरीत आलेला आहे. शास्त्रातही तसेच घडते. तर्क बदलतात, नेटकी नोंद टिकते.

मात्र नोंद करावयास तळे हवे. गेल्या काही दशकांत या शहराच्या कितीतरी एऱ्या, म्हणजे आपली तळी, वस्तीखाली गेल्या. उरलेल्या तळ्याच्या काठाने जाताना, हिरवट पाण्याकडे पाहून नाक मुरडण्याआधी, आपण क्षणभर थांबावे. त्या पाण्यात मुंबई आणि मद्रास यांना जोडणारा एखादा गोलक फिरत असेल.