घरमालकाची वही : मुंबईच्या चाळींची एक बाजू

चाळीचा मालक म्हटला कीं आपल्या मनांत एक ठराविक मूर्ति उभी राहते. पहिल्या तारखेस भाडें मागावयास मेहता पाठविणारा आणि गळक्या छपराची तक्रार नेली कीं कानांवर हात ठेवणारा! ही मूर्ति अगदींच खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या वहींत जमेप्रमाणें खर्चाचेंहि पान होतें. तें वाचल्याखेरीज मुंबईच्या जुन्या घरांची दशा अशी कां झाली याचा उलगडा होत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरण्या वाढल्या, कोकणांतून व घाटावरून माणसें आलीं आणि त्यांच्यासाठीं चाळी उठल्या. ओळीनें खोल्या, पुढें सामाईक गॅलरी, टोंकाला संडास. चाळ बांधणें हा पैसा गुंतविण्याचा धंदा होता. आणि तो पैसा कर्जाऊ असला म्हणजे इमारत गहाण पडे. भाडें येवो न येवो, व्याज थांबत नसे, घरपट्टीहि थांबत नसे. १८९६ सालीं मांडवींत प्लेग प्रकटला आणि लोक हजारोंनीं शहर सोडून गेले. रिकाम्या खोलीचें ओझें काय असतें हें त्या वेळीं मालकांस कळलें.

पहिल्या महायुद्धांत नवीं घरें थांबलीं, गर्दी मात्र वाढली आणि भाडीं भडकलीं. तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पुढें १९२० पासून सरकार स्वतःच घरमालक झालें. कर्जरोखे काढून आणि शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया जकात बसवून त्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें चाळी बांधिल्या. योजना याहून पुष्कळ मोठी होती. प्रत्यक्षांत २०७ चाळी झाल्या, आणि त्यांतल्याहि पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें ओस राहिल्या. खर्च भागेल एवढें भाडें कामगारास परवडेना, आणि परवडेल त्या भाड्यांत खर्च भागेना. खाजगी मालकाची जी डोकेदुखी, तीच सरकारच्याहि कपाळीं आली!

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. सप्टेंबर १९४० चें भाडें हें सामान्यतः प्रमाण ठरलें. त्या टंचाईच्या दिवसांत या कायद्यानें असंख्य गरीब कुटुंबांस रस्त्यावर येण्यापासून वांचविलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. पण थोड्या काळासाठीं केलेल्या त्या कायद्यास मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. समजा, एका खोलीचें भाडें १९४० सालीं दहा रुपये होतें. पुढें चुना, लांकूड, गवंड्याची मजुरी सारें अनेक पटींनीं वाढलें. तें भाडें मात्र जवळजवळ तेथेंच राहिलें. मग वासा कुजला तर बदलणार कोण? मालक म्हणे, भाड्यांत भागत नाहीं. भाडेकरू म्हणे, घर माझें नव्हे. दोघांचेंहि म्हणणें खरें होतें, आणि वासा कुजतच होता!

अशा स्थितींत ‘पागडी’ फोफावली. कायद्यानें ती गुन्हा ठरली, तरी अंधारांत चाललीच. कारण जें उघड भाड्यांत मिळेना, तें एकरकमी गुप्तपणें घेतलें जाई. १९६९ च्या कायद्यान्वयें सरकारनें जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठीं मंडळ स्थापिलें. अशा इमारती १९,००० हून अधिक निघाल्या. एका मंडळानें त्या साऱ्या सांवरणें दुष्कर होतें. अखेर डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेलें भाडें आतां न्याय्य राहिलें नाहीं असा निर्णय दिला. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें वर्षास चार टक्के वाढ मान्य केली आणि पागडीसहि उजेडांत आणिलें. परंतु मूळ आंकडाच इतका लहान कीं चार टक्क्यांनीं त्यांत कितीशी भर पडणार?

या इतिहासांत मालक सर्वस्वीं खलपुरुष नाहीं आणि भाडेकरू सर्वस्वीं बिचारा नाहीं. भाडें म्हणजे नुसतें राहण्याचें मोल नव्हे. पुढच्या पावसाळ्यांत छप्पर टिकावें म्हणून बाजूला काढावयाचा पैसाहि त्यांतच असतो. तो हिशेब दोघांनींहि टाळला, कायद्यानेंहि टाळला. शेवटीं छप्पर खचतें तेव्हां तें प्रथम कोसळतें तें आंत निजलेल्या माणसांवर.