घोरपड, दोर आणि पडदा

खेडचा घाट चढून पेठ, मंचर, नारायणगाव करत जुन्नरला पोचलं की शिवनेरी समोर येतो. या पट्ट्यातल्या माणसांना लढाया पहिल्यांदा भेटल्या त्या जत्रेतल्या पोवाड्यांतून आणि नारायणगावच्या फडांच्या वगांतून. सिनेमा नंतर आला.

तानाजी मालुसऱ्यांचं घ्या. पुरंदरच्या तहात 1665 साली गेलेला कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री मराठ्यांनी परत घेतला. सभासदाच्या बखरीत मावळे कडा चढतात ते स्वतःच्या हातापायांच्या जोरावर. दोर बांधलेली यशवंती घोरपड भेटते ती शाहीर तुलसीदासाच्या पोवाड्यात, आणि ऐंशीचे शेलारमामाही तिथलेच. शाहिराने रचलेला प्रसंग लोकांना इतका आवडला, की बखरीतला चढ मागेच पडला.

बाबूराव पेंटरांच्या 1923 च्या ‘सिंहगड’ या मूकपटात कृत्रिम प्रकाशात चित्रण झालं आणि शेलारमामा झाले व्ही. शांताराम. दहा वर्षांनी त्याच शांतारामांनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून.

2020 च्या ‘तान्हाजी’त मात्र ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ राजगडावर रोखलेली दिसते. सिंहगड ते राजगड हवाई अंतर सुमारे 15 किलोमीटर. त्या काळच्या तोफेचा गोळा तिथवर जाणं शक्यच नव्हतं. हे ठाऊक असूनही अंधारात दोर कड्यावरून सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खटकतं ते वेगळंच: उदयभानूला नुसता राक्षस केला, की समोर एक कसलेला राजपूत किल्लेदार होता हे विसरलं जातं, आणि मग मावळ्यांच्या पराक्रमाचं मोलही घटतं.

हॉलिवूडही याला अपवाद नाही. ‘यू-571’ (2000) या चित्रपटात जर्मन सांकेतिक यंत्र अमेरिकन खलाशी पळवतात. प्रत्यक्षात मे 1941 मध्ये ‘यू-110’ पाणबुडीवरून ते मिळवलं ब्रिटिश नौदलाने. पाणबुडीतला कोंडलेला श्वास त्या चित्रपटात अस्सल उतरलाय, श्रेय मात्र भलत्यालाच दिलंय. तोफेचा पल्ला चुकला तर फारसं बिघडत नाही, पण जीव धोक्यात घालणाऱ्यांचं नाव पुसणं ही गंभीर गोष्ट आहे.

जुन्नरकडे स्वतःचीच एक लढाई आहे. 1657 च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री तटाला दोरशिड्या लावल्या आणि 3 लाख होन व 200 घोडे घेऊन ते निघून गेले. यावर कुणी मन लावून चित्रपट काढावा. नारायणगावच्या थिएटरात बसणारा प्रेक्षक टाळ्याही देईल आणि शिड्या कुठे लावल्या हेही विचारेल.