नोट्ससाठी स्वस्त स्टायलस घेताय? आधी टॅबचं मॉडेल बघा

ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांतही स्टायलस मिळतो. पण लेक्चरमध्ये भराभर लिहायचं असेल, तर किमतीआधी एक गोष्ट तपासायला हवी : हा पेन आपल्या टॅबवर चालतो का?

कपॅसिटिव्ह स्टायलस : रबरी किंवा चकतीचं टोक, बॅटरीची गरज नाही. कुठल्याही टचस्क्रीनवर चालतो. मात्र स्क्रीनला तो बोटासारखाच वाटतो, त्यामुळे तळहात टेकला की रेघोट्या उमटतात.

ॲक्टिव्ह स्टायलस : टोक बारीक. टॅब पेन ओळखतो आणि टेकलेल्या हाताकडे दुर्लक्ष करतो. यालाच 'पाम रिजेक्शन' म्हणतात. पण तो ठरावीक मॉडेल्सवरच चालतो.

आयपॅड असेल तर : 2018 नंतरच्या आयपॅडसाठी इतर कंपन्यांचे स्वस्त पेन मिळतात. त्यांत सहसा दाबानुसार रेघ जाड-बारीक होत नाही. ही सोय ॲपलच्या 2023 मधल्या यूएसबी-सी पेन्सिलमध्येही नाही. चित्रं काढताना अडतं, नोट्सना नाही.

सॅमसंग असेल तर : गॅलॅक्सी टॅब एस6 लाइटसोबत एस पेन येतो, तो चार्ज करावा लागत नाही. टॅब ए9 वर मात्र एस पेन चालत नाही.

इथे फसगत होते : 'सर्व फोन-टॅबवर चालतो' असं लिहिलेला पेन चार्जिंगचा असला, तरी त्यात सहसा पाम रिजेक्शन नसतं.

म्हणून आपल्या मॉडेलचं नाव यादीत शोधा, जादा निब मिळतात का पाहा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी पानभर लिहून बघा.