बी.कॉम. आणि एमबीए : गोत्र एकच

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की घरोघरी दोन वाक्यं ठरलेली असतात. 'नुसतं बी.कॉम. करून काय होणार?' हे पहिलं. 'पुढे एमबीए केलंस तर ठीक' हे दुसरं. बी.कॉम. म्हणजे टॅलीतल्या एंट्र्या, बँकेचा काउंटर, फार तर सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप. एमबीए म्हणजे ब्रँड, कन्सल्टिंग, पॅकेज. एक कारकुनाची पदवी, दुसरी साहेबाची, अशी वाटणी आपण मनात पक्की करून टाकली आहे. पण या दोन्ही पदव्यांची वंशावळ काढत मागे गेलं, तर दोन्ही वाटा एकाच वर्गाच्या दाराशी येतात. तो वर्ग हिशेबाचा नाही आणि व्यवस्थापनाचाही नाही. तो आहे हार्वर्ड विद्यापीठातला आर्थिक इतिहासाचा वर्ग.

१८९२ मध्ये हार्वर्डने विल्यम ॲश्ली या इंग्रज अभ्यासकाला आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक नेमलं. इंग्रजी जगात या विषयाचं असं पद तोवर कुठेच नव्हतं. १९०१ मध्ये ॲश्ली मायदेशी परतले ते नव्याने निघालेल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात. तिथे त्यांनी कॉमर्सची विद्याशाखा उभारली आणि बी.कॉम. ही पदवी सुरू केली. इकडे हार्वर्डला त्यांचा विषय शिकवायला माणूस हवा होता. १९०२ मध्ये ते काम एडविन गे यांच्याकडे आलं. पुढे १९०८ मध्ये हार्वर्डने बिझनेस स्कूल काढलं, एमबीए ही पदवी जन्माला आली आणि पहिले डीन म्हणून नेमले गेले हेच गे. ज्यांची जागा रिकामी झाली त्यांनी ब्रिटनला बी.कॉम. दिलं आणि ज्यांनी ती भरली त्यांनी अमेरिकेला एमबीए!

हा नुसता योगायोग, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हे दोघेही बर्लिनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव श्मोलर यांच्या परंपरेतले. गे यांनी युरोपात बारा वर्षं घालवून श्मोलर यांच्याकडेच डॉक्टरेट केली. ॲश्लींवरही याच जर्मन ऐतिहासिक संप्रदायाचा दाट प्रभाव. या मंडळींचा खाक्या असा की बाजाराचे नियम खोलीत बसून सूत्रांतून काढायचे नाहीत. गिरणी, पेढी, बंदर, कारागिरांचे संघ यांचा व्यवहार प्रत्यक्ष कसा चालतो ते आधी पाहायचं आणि मग बोलायचं. असा माणूस धंद्याचं शिक्षण आखायला बसला तर काय आखेल? हार्वर्डच्या पहिल्या वर्षीचे सक्तीचे विषय पाहा: हिशेबाची तत्त्वं, व्यापारी करार आणि अमेरिकेची आर्थिक साधनसंपत्ती. आता वीस-तीस वर्षांपूर्वी बी.कॉम. झालेल्या कुणालाही त्याचे विषय विचारा. अकाउंटन्सी, मर्कंटाइल लॉ आणि कमर्शियल जिऑग्रफी ही नावं त्या यादीत सापडतील. कुठल्या देशातून तांबं येतं, कुठे ताग पिकतो, कुठल्या बंदरातून काय जातं हे नकाशावर रंगवताना कंटाळलेल्या विद्यार्थ्याला कुठे ठाऊक असणार की तो श्मोलरचा वारसा गिरवतोय!

प्रतिस्पर्धी दावे आहेत आणि ते किरकोळ नाहीत. पॅरिसचं व्यापारी विद्यालय १८१९ चं. फिलाडेल्फियाचं व्हॉर्टन १८८१ चं. लाइपझिगची व्यापारी उच्चशाळा १८९८ ची. वयाचाच मान द्यायचा तर तो पॅरिसला द्यावा लागेल, पण बी.कॉम. आणि एमबीए या दोन पदव्यांचा उगम त्याने उलगडत नाही. व्हॉर्टनला आकार देणारे एडमंड जेम्स तर स्वतः जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे डॉक्टर. म्हणजे तो धागाही शेवटी जर्मनीतच जातो.

याहून अवघड दावा कायद्याचा. एमबीएची ओळख म्हणजे केस स्टडी. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वर्गात समोर नावाची पाटी ठेवून विद्यार्थी बसतात, प्राध्यापक अचानक एकाला उठवतात, 'या कंपनीच्या मालकाच्या जागी तुम्ही असता तर?' आणि तासभर वाद रंगतो. ही रीत हार्वर्डच्याच लॉ स्कूलची. १८७० मध्ये तिथे डीन झालेल्या लँगडेल यांनी व्याख्यानं मागे सारून न्यायनिवाडेच वर्गात आणले. बिझनेस स्कूलमध्ये ती रीत पक्की रुजवली ती गे यांच्यानंतर १९१९ मध्ये डीन झालेल्या वॉलेस डोनम यांनी, आणि ते कायद्याचे पदवीधर. मग एमबीएचा मूळपुरुष वकील नाही का? माझ्या मते नाही. वकिलांनी शिकवण्याची रीत दिली. एकेक खरा धंदा हाच अभ्यासाचा विषय, हा हट्ट मात्र इतिहासकारांचा. डोनम आले तेव्हा शाळा अकरा वर्षांची झाली होती.

आता आपल्याकडे. मद्रासला पचैयप्पा धर्मादाय निधीने १८८६ मध्येच कॉमर्सची शाळा काढली होती, पण ती शाळा. कॉलेज उभं राहिलं ते १९१३ मध्ये मुंबईत, सिडनहॅम. त्यामागे के. एस. अय्यर या हिशेबतज्ज्ञांचा पाठपुरावा होता. बी.कॉम.चा साचा आला कुठून? प्राचार्य पर्सी ॲन्स्टी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे, म्हणून लोक लंडनकडे बोट दाखवतात. पण लंडन विद्यापीठाची कॉमर्सची पदवी पहिल्या महायुद्धानंतरची. त्याआधी ब्रिटनमध्ये डोळ्यांसमोर ठळक नमुना होता तो बर्मिंगहॅमचा, म्हणून मी ॲश्लींच्या बाजूने कौल देतो.

याच सिडनहॅममध्ये १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिग्मन हे बर्लिन आणि हायडेलबर्गला शिकून आलेले. म्हणजे मुंबईच्या सुरुवातीच्या बी.कॉम.च्या पोरांपर्यंत जर्मन वारा दोन खिडक्यांतून येत होता.

ॲश्लींचा हेतू कारकून घडवण्याचा नव्हताच. व्यापाराच्या फौजेला शिपाई नव्हेत, अधिकारी हवेत, हे ते स्पष्ट सांगत. कारकुनीचा शिक्का नंतरचा आणि बराचसा आपला. तिकडे एमबीएची शाखा १९६१ मध्ये हार्वर्डच्या मदतीने अहमदाबादला आली. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. आज सिडनहॅम आणि बजाज, दोन्ही चर्चगेटला आहेत, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तेव्हा घरातल्या मुलीने बी.कॉम.ला प्रवेश घेतला तर 'नुसतं' हा शब्द तेवढा गाळा.