तिकिगाक येथील ऋतुचक्र आणि लोकजीवन
(उत्तर अलास्कातील एका देवमासे-शिकारी गावाच्या इतिहासाचा विचार)

अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, ६८ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित पलीकडे, वाळू व गोटे यांची एक चिंचोळी पट्टी चुकची समुद्रात दूरवर शिरली आहे. तेथील इन्यूपिअट लोक तिला ‘तिकिगाक’ म्हणजे तर्जनी म्हणतात. ब्रिटिश आरमारातील कप्तान बीची याने १८२६ मध्ये या भूशिराला ‘पॉइंट होप’ हे नाव दिले आणि नकाशांवर तेच रूढ झाले. या पट्टीवरील वस्ती उत्तर अमेरिकेतील सर्वांत दीर्घकाळ नांदत आलेल्या वस्त्यांपैकी एक मानली जाते. २०२० च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या ८३० भरली.

अशा दूरस्थ गावांच्या दैनंदिन जीवनाचे वर्णन करताना अभ्यासक बहुधा ऋतुचक्राची चौकट घेतात. हिवाळ्यात सील, वसंतात देवमासा, उन्हाळ्यात अंडी व मासे, शरदात रेनडिअर, असा क्रम सांगितला की वर्णन पुरे झाले असे समजले जाते. या पद्धतीत एक दोष आहे. ऋतू प्रतिवर्षी परत येतात, म्हणून त्यांच्याशी बांधलेले जीवनही अपरिवर्तित राहिले असावे, असा ग्रह तिच्यामुळे नकळत होतो. वस्तुतः तिकिगाकच्या ऋतुचक्रालाही इतिहास आहे. ते घडले, बदलले आणि दोन प्रसंगी तर गावाच्या अस्तित्वासंबंधीच्या वादात प्रत्यक्ष पुरावा म्हणून पुढे आले. त्या इतिहासाची रूपरेषा मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. प्राचीनता आणि तिची मर्यादा

१९३९ मध्ये हेल्गे लार्सन, फ्रॉएलिक रेनी व लुई गिडिंग्ज या संशोधकांना गावाजवळच घरांच्या सुमारे सहाशे खड्ड्यांची एक विस्तीर्ण प्राचीन वस्ती आढळली. ‘इपिउताक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात ती नांदत होती. हस्तिदंतावरील अप्रतिम कोरीवकामाबरोबर तेथे सील, वॉलरस व रेनडिअर यांच्या शिकारीची साधने मिळाली. देवमाशाच्या शिकारीची साधने मात्र मिळाली नाहीत. ती याच भूशिरावरील नंतरच्या थरांत विपुल आढळतात.

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. आज तिकिगाकचे संपूर्ण वर्ष ज्या घटनेभोवती फिरते, ती वसंतातील देवमाशाची शिकार येथे आरंभापासून नव्हती. ज्याला आपण ‘परंपरागत ऋतुचक्र’ म्हणतो, तीही एका विशिष्ट काळातील ऐतिहासिक निर्मिती होय.

२. वर्षाचा क्रम

पुढील वर्णन मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. रेनी यांनी १९४० च्या सुमारास येथे राहून वृद्धांकडून माहिती मिळविली, आणि जेम्स व्हॅनस्टोन यांनी १९५५-५६ मध्ये गावात वास्तव्य करून गावाचा वर्षक्रम नोंदविला.

शरदाच्या अखेरीस समुद्राच्या पृष्ठभागावर चिखलासारखा मऊ बर्फ धरू लागतो. देवमाशाच्या शेपटीकडील जो भाग नौकानायकाने वसंतापासून राखून ठेवलेला असतो, तो या वेळी गावजेवणात वाटला जातो. नदीवरचा बर्फ समुद्रापेक्षा लवकर पक्का होतो. त्यामुळे ऑक्टोबरात कुटुंबे कुकपुक नदीकडे जाऊन बर्फाला भोके पाडून मासेमारी करीत. पूर्वी याच सुमारास ‘कालगी’ या सभागृहांतील विधींना प्रारंभ होई. प्रत्येक नौकेचे नाविक कोणत्या ना कोणत्या कालगीचे सभासद असत. एके काळी गावात अशी अनेक सभागृहे होती. विसाव्या शतकात उंगासिक्सिकाक व काग्माक्तूक ही दोनच उरली. इमारती गेल्या तरी सामाजिक गट म्हणून त्यांचे अस्तित्व टिकले.

डिसेंबरच्या आरंभी सूर्य क्षितिजाखाली जातो आणि सुमारे महिनाभर उगवत नाही. दक्षिणेकडे दुपारी काही तास संधिप्रकाश मात्र राहतो. हा काळ निष्क्रियतेचा असतो अशी बाहेरच्या लोकांची समजूत असते, परंतु ती बरोबर नाही. सीलची शिकार याच महिन्यांत चाले. माणसांबरोबर कुत्र्यांचेही पोट तिच्यावरच अवलंबून होते, आणि कुत्र्यांवाचून बर्फावरचा प्रवास अशक्य होता. व्हॅनस्टोन यांच्या काळापर्यंत तरी गावाच्या श्रमांचा मोठा वाटा असा कुत्र्यांच्या अन्नासाठी खर्ची पडे. नवीन बर्फावर जाणाऱ्या शिकाऱ्याला वारा व प्रवाह यांचे सूक्ष्म ज्ञान अत्यावश्यक असे. वारा फिरला की किनाऱ्यापासून बर्फ तुटून शिकाऱ्यासह खोल समुद्राकडे वाहत जाई. भूशिराच्या उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंस समुद्र असल्याने कोणत्या वाऱ्यात कोणती बाजू सुरक्षित, हे मुलांना लहानपणापासून शिकविले जाई. हिवाळ्याच्या उत्तरार्धात बर्फातील भोकांतून गळ सोडून खेकडे व लहान मासे पकडीत. हे काम बऱ्याच अंशी स्त्रिया करीत.

मार्चमध्ये गावाचे लक्ष नौकांकडे वळते. ‘उमिआक’ ही लाकडी सांगाड्यावर दाढीवाल्या सीलची कातडी ताणून केलेली नौका होय. कातडी जोडण्याची शिवण अशी घालावी लागे की पाण्याचा थेंब आत येऊ नये. हे कसब सर्वस्वी स्त्रियांचे होते आणि नाविकांचे प्राण त्या टाक्यांवर अवलंबून असत. नौकेचा धनी तो ‘उमिआलिक’. त्याच्या पत्नीचे स्थान केवळ गृहिणीचे नव्हते. शिकार चालू असता तिने शांत बसावे, कापणे-शिवणे वर्ज्य करावे, म्हणजे देवमासाही शांत राहील, असा संकेत असे. मारलेल्या देवमाशाला गोड्या पाण्याचे अर्घ्य देण्याचा अधिकार तिचाच होता. देवमासा स्वेच्छेने आपला देह देतो आणि योग्य सत्कार झाल्यास पुन्हा येतो, ही श्रद्धा या आचाराच्या मुळाशी होती.

एप्रिलपासून जूनच्या आरंभापर्यंत ‘बोहेड’ जातीचे देवमासे बर्फातील भेगांमधून उत्तरेकडे जातात. भूशीर समुद्रात पुढे शिरलेले असल्याने ही वाट गावाच्या अगदी निकट येते. वस्तीचे स्थान ठरण्यामागील प्रधान कारण हेच. भेगेच्या काठावर तळ ठोकून नाविक अहोरात्र पहारा देतात. देवमासा हाती लागला की सारा गाव दोर ओढण्यास धावतो. विभागणीचे नियम निश्चित आहेत. मारणारी नौका, त्यानंतर मदतीस पोहोचलेल्या नौका यांना पोहोचण्याच्या क्रमाने शरीराचे ठराविक भाग मिळतात. उमिआलिकच्या वाट्याला येणारे भाग बहुतांशी पुढील मेजवान्यांत परत गावातच जातात. संचयापेक्षा वाटपातूनच त्याची प्रतिष्ठा सिद्ध होते. मांस व कातडीखालील चरबी ठेवण्यासाठी कायम गोठलेल्या जमिनीत तळघरे खोदलेली असतात. तळघर भरलेले असणे म्हणजे वर्षाची निश्चिंती, असे समीकरण होते.

जूनमध्ये ‘नालुकाताक’ हा उत्सव होतो. ज्यांना यश आले त्या नौकांचे धनी या वेळी गावाला जेवण घालतात, आणि ताणून धरलेल्या सीलच्या कातड्यावर माणसांना उंच उडविण्याचा सुप्रसिद्ध खेळ खेळला जातो. मे महिन्याच्या अखेरीपासून सूर्य मावळत नाही. जून-जुलैत फुटलेल्या बर्फावरील वॉलरस व दाढीवाले सील मारतात. पुढील वर्षाच्या नौकांची कातडी याच शिकारीतून मिळते. जुलैमध्ये केप टॉमसन व केप लिसबर्न येथील कड्यांवरून दोरांनी उतरून समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करतात. त्यानंतर जाळ्यांनी मासेमारी, रानफळांची वेचणी आणि रेनडिअरची शिकार. पूर्वी याच दिवसांत दक्षिणेकडे कोट्झेब्यूजवळ शेशालिक येथे भरणाऱ्या व्यापारी मेळ्यास लोक नौकांतून जात.

३. बाह्य जगाचे आघात

१८४८ मध्ये अमेरिकन देवमासे-शिकारी जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून प्रथमच उत्तरेस गेले. पुढील काही दशकांत बोहेड व वॉलरस यांचा फार मोठा संहार झाला, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशातील रेनडिअरही रोडावले. उपासमार, साथीचे रोग व दारू यांनी वस्तीला ग्रासले. १८८७ पासून गावानजीक किनाऱ्यावरच शिकारीची ठाणी उभी राहिली. तेथील कामगार नाना देशांचे व नाना भाषा बोलणारे असल्याने त्या जागेस ‘जॅबरटाउन’ असे नाव पडले. १८९० मध्ये एपिस्कोपल पंथाचे डॉ. जॉन ड्रिग्ज येथे मिशन व शाळा घेऊन आले.

या आघातांनी ऋतुचक्र मोडले असे म्हणता येत नाही. ते निराळ्या रीतीने भरले गेले. वसंतातील शिकारीत स्फोटक बाँबची बंदूक आली, पण उमिआक आणि वाटपाचे नियम राहिले. कालगीतील हिवाळी विधी लोपले, तरी त्यांतील नृत्य, खेळ व मेजवान्या नाताळच्या आठवड्यात जाऊन बसल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी बलीनचा बाजार कोसळला, व्यापारी ठाणी ओस पडली आणि गावाची शिकार पुन्हा मुख्यतः अन्नासाठी होऊ लागली. व्हॅनस्टोन यांच्या वेळी उन्हाळ्यात अनेक पुरुष मजुरीसाठी बाहेरगावी जात. परंतु वसंतात गावात असणे हा अलिखित दंडक होता. १९६० नंतर यांत्रिक बर्फगाड्या आल्या. कुत्र्यांसाठी सील मारण्याचे श्रम वाचले, परंतु इंधनासाठी रोख पैशाची गरज उत्पन्न झाली.

४. ऋतुचक्र पुरावा म्हणून

१९५८ मध्ये अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने ‘चॅरिअट’ नावाची योजना पुढे मांडली. एडवर्ड टेलर हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. गावापासून सुमारे ५० किलोमीटरवर, केप टॉमसनजवळ ओगोटोरुक ओढ्याच्या मुखाशी अणुस्फोट करून बंदर खोदावयाचे, असा बेत होता. योजनाकारांच्या दृष्टीने तो भूप्रदेश जवळजवळ रिकामा होता. १९५९ च्या अखेरीस ग्रामसभेने योजनेला विरोध नोंदविला. १४ मार्च १९६० रोजी आयोगाचे प्रतिनिधी गावात आले. त्या सभेतील संभाषण ग्रामस्थांनी ध्वनिफितीवर नोंदवून ठेवले.

आयोगाच्या पर्यावरण-समितीतर्फे त्याच वर्षी असे प्रतिपादन करण्यात आले की स्फोटास वसंतारंभ अनुकूल आहे, कारण तेव्हा त्या परिसरात शिकारीचे प्रमाण अत्यल्प असते. याच समितीसाठी मानवी भूगोलाचा अभ्यास करणारे डॉन फूट गावात राहून कोण, कधी, कोठे, काय मारतो याच्या नोंदी करीत होते. त्या नोंदींतून उलट चित्र दिसले. रिकामे म्हटलेल्या त्या भागात नेमक्या त्याच महिन्यांत रेनडिअरची शिकार होत होती. याबरोबरच किरणोत्सर्गी धूळ दगडफुलात साठून रेनडिअरमार्गे माणसाच्या शरीरात पोहोचते, हेही जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यांपैकी विल्यम प्रूइट व लेस्ली व्हिएरेक यांना अलास्का विद्यापीठातील आपल्या जागा गमवाव्या लागल्या.

१९६१ मध्ये ग्रामस्थांनी अध्यक्ष केनेडी यांस पत्र लिहून विरोध कळविला. त्याच वर्षी बॅरो येथे इन्यूपिअटांची परिषद भरली. १९६२ मध्ये ‘टुंड्रा टाइम्स’ हे मूलनिवाशांचे वृत्तपत्र निघाले. त्याचे संपादक हॉवर्ड रॉक हे याच गावचे सुपुत्र. १९६२ मध्ये योजना स्थगित झाली. तथापि त्याच वर्षी प्रयोगासाठी नेवाडातून आणलेली किरणोत्सर्गी माती तेथे पुरण्यात आली होती. ही गोष्ट ग्रामस्थांना १९९२ मध्ये कळली आणि पुढील वर्षी ती माती काढून नेण्यात आली.

दुसरा प्रसंग १९७७ चा. बोहेड देवमासे अत्यल्प उरले आहेत या अनुमानावरून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने मूलनिवाशांच्या शिकारीवरही बंदी घालण्याचा निर्णय केला. पुष्कळ देवमासे काठावरून न दिसता बर्फाखालून व किनाऱ्यापासून दूर जातात, असे शिकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्याच वर्षी ‘अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन’ ही संस्था स्थापिली. बंदीच्या जागी मर्यादित कोटा आला. पुढे बॅरो येथे पाण्याखालील ध्वनिग्राहकांच्या साहाय्याने गणना झाली, तेव्हा शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. २०११ च्या गणनेत ही संख्या सोळा हजारांहून अधिक आढळली.

५. उपसंहार

दोन्ही प्रसंगी वादाचा मुद्दा तत्त्वतः एकच होता. एखाद्या ठिकाणी वर्षाच्या कोणत्या महिन्यात काय घडते, हे कोणाच्या ज्ञानावरून ठरवावयाचे? पहिल्या प्रसंगी ‘रिकामी भूमी’ आणि दुसऱ्या प्रसंगी ‘रिकामा समुद्र’ ही अनुमाने अपुऱ्या निरीक्षणातून निघाली होती. गावाचे ऋतुज्ञान श्रद्धा व संकेत यांत गुंतलेले असले तरी त्याचा गाभा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाचा होता. नव्या शास्त्रीय साधनांनी त्याची परीक्षा घेतली तेव्हा ते उतरले. अर्थात प्रत्येक लोकसमजूत अशीच सत्य ठरेल असा निष्कर्ष यातून काढणे योग्य नव्हे. तिची परीक्षा न घेता तिला बाजूस सारणे मात्र अशास्त्रीय होय, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

आता हे ज्ञान निराळ्या कसोटीस लागले आहे. किनाऱ्याची धूप व वादळी पूर यांमुळे १९७० च्या दशकाच्या मध्यास गाव भूशिराच्या टोकापासून पूर्वेस हलविण्यात आले. अलीकडच्या दशकांत समुद्राचा बर्फ उशिरा धरतो व लवकर फुटतो, आणि काही तळघरांत वितळलेले पाणी साचू लागले आहे. ज्या बर्फाच्या वागणुकीवरून वडिलांनी मुलांना वारा ओळखावयास शिकविले, तो बर्फच पूर्वीसारखा राहिलेला नाही. इपिउताकनंतर या भूशिरावर वर्षाची घडी एकदा नव्याने बसली होती. विसाव्या शतकात ती आघात सोसून टिकली. पुढील अभ्यासकांना तिच्या तिसऱ्या अवस्थेचा विचार करावा लागेल, आणि त्यासाठी गावातील शिकाऱ्यांच्या व नौका शिवणाऱ्या स्त्रियांच्या वार्षिक नोंदी हे प्रथम दर्जाचे साधन मानावे लागेल.