तुझा भाऊ कुठे आहे?

आजची गोष्ट सुरू होते बायबलमध्ये आणि येऊन थांबते आमच्या नालवाडीत, म्हणजे वर्धा शहराला अगदी लागून.

आदाम-हव्वेची दोन मुलं, काइन आणि हाबेल. काइन शेती करायचा, हाबेल मेंढरं राखायचा. दोघांनी देवाला आपापलं अर्पण आणलं. देवानं हाबेलचं स्वीकारलं, काइनचं नाही. काइनचा चेहरा पडला. पुढचं बहुतेकांना माहीत असतं: त्यानं भावाला शेतात मारलं.

पण मला खुनाच्या आधीचा आणि नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी देव त्याला सावध करतो, की पाप दाराशी दबा धरून बसलंय, त्याला आवरणं तुझ्या हातात आहे. म्हणजे राग येणं वेगळं आणि रागापुढे दार उघडणं वेगळं. खुनानंतर देव विचारतो, भाऊ कुठे आहे? काइन आधी खोटं बोलतो, मग उलट विचारतो, भावावर लक्ष ठेवणं माझं काम आहे का?

आणखी एक. शिक्षा म्हणून काइनला भटकायला लावतात, पण त्याच्यावर एक खूणही केली जाते. कशासाठी? कोणी त्याला मारू नये म्हणून! आपण मात्र खूण म्हणजे कलंक असंच धरून चालतो.

ही खूण लक्षात ठेवा. आता येऊ आपल्या गावाकडे.

१९३२ च्या शेवटी विनोबा भावे नालवाडीत राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथेच होते. त्या काळात कुष्ठरोगाला सरळ महारोग म्हणत. अंगावर चट्टा दिसला की गावाबाहेर. कारण काय, तर पाप! नॉर्वेच्या हान्सेननं या रोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, पण लोकांच्या मनातलं पाप काही गेलं नव्हतं. इंग्रज सरकारनं १८९८ मध्ये कायदा केला, तोही गरीब रोग्यांना वेगळं ठेवायचा.

अशा वेळी विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये जवळच्या दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. तेव्हा असं काम मुख्यतः ख्रिस्ती मिशनरी करत होते. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत तसं मोकळेपणानं लिहिलं आणि भारतीय माणसानं चालवलेलं काम म्हणून दिवाणांचं नाव घेतलं. बायबल ज्यांच्या घरचं, त्यांनी काइनच्या प्रश्नाला आधी उत्तर दिलं. मग आपल्यातलं कोणीतरी पुढे झालं.

लहानपणी आम्ही त्या रस्त्यानं जायचो तेव्हा आजी हळूच म्हणायची, "मागच्या जन्मीचं असते बाबू." मी मान हलवायचो आणि दुसरीकडे बघायचो. आजी वाईट नव्हती. पण ज्याचं दुःख त्याचंच पाप, असं एकदा ठरवलं की आपण मोकळे! काइनही असाच मोकळा होऊ पाहत होता, नाही का?

आज ऑफिसात काही बंद पडलं की माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "माझं मॉड्यूल नाही ते." हसू नका, तुम्हीही म्हणता! खोटं नसतं ते. पण ज्याचं काम अडलंय, तो तसाच अडकून राहतो.

१८९८ चा तो कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं २०१९ मध्ये. तोवर औषधानं पूर्ण बरा होणारा हा आजार होऊन कितीतरी वर्षं झाली होती. उशीर औषधाला झाला नाही, आपल्याला झाला.

दिवाणांनी कोणाच्या अंगावरचे चट्टे बघून पाप मोजलं नाही. भाऊ कुठे आहे, एवढंच बघितलं आणि तिकडे गेले. पुढच्या वेळी दत्तपूरवरून जाल, तर नजर वळवू नका. मीही नाही वळवणार.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि शेजारच्याचीही घ्या!