काठी कुणाच्या मापाची?



आजचा विषय फलकावर वाचून बाहेर चहाच्या टपरीवर एकाने आम्हाला विचारलं, "सर, पाथर्डीत गोल्फ?" प्रश्न रास्त आहे. ज्या तालुक्यात उन्हाळा लागला की टँकरच्या खेपा मोजाव्या लागतात, तिथे हिरवळीला पाणी पाजणाऱ्या खेळाची गोष्ट सांगायला उभं राहायचं म्हणजे थोडा निगरगट्टपणा लागतो. पण हिरवळीशी आज आम्हाला फारसं कर्तव्य नाही. हातातलं हत्यार आणि ते फिरवणारं शरीर, यांत कोण कुणाच्या मापाने घडतं, एवढंच आम्हाला बघायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकात भेटलेला होता. अंगात भेटला तो साठीनंतर, गोल्फच्या मैदानावर.

आधी एक शब्द निश्चित करू. या खेळाच्या काठीलाही इंग्रजीत क्लब म्हणतात, आणि ती घेऊन लोक जिथे जमतात त्या संस्थेलाही क्लबच म्हणतात. आपण काठीला काठी म्हणू. ती मागे न्यायची, अंग वळवायचं, चेंडूवर आणायची आणि पुढे पुरती फिरू द्यायची, या सगळ्याला स्विंग म्हणू. 'झोका' म्हटलं की पाळणा आठवतो.

तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांनी विटीदांडू खेळलेला असेल. दांडू कुठून आणायचात? दुकानातून नक्कीच नाही. बाभळीचा नाहीतर बोरीचा फाटा तोडायचा, हाताला लावून बघायचा, जड वाटला तर तासायचा. थोरल्या भावाचा दांडू धाकट्याच्या हातात दिला की विटी उडायच्या ऐवजी नडगी फुटायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आता गंमत अशी की आपल्या पोरांना जे ठाऊक होतं, तेच गोल्फच्या श्रीमंत जगाला आधी ठाऊक होतं, मग ते विसरलं, आणि पुन्हा शिकायला त्याला पुष्कळ पैसे मोजावे लागले.

एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये काठी करणं हे सुतारकाम होतं. दांडा हिकरी नावाच्या अमेरिकी लाकडाचा. काठ्यांना नंबर नव्हते, नावं होती : ब्रासी, स्पून, मॅशी, निब्लिक. एका हिकरीच्या दांड्यासारखा दुसरा हुबेहूब निघत नाही. कुठे लवचीक, कुठे ताठ, आणि जोरात फिरवला की थोडा पिळतो. त्यामुळे खेळणाऱ्याला काठी हातात घेऊन, हलवून, दहा नाकारून अकरावी घ्यावी लागे. कारागीर समोरच असे, तो थोडं तासून देई.

बॉबी जोन्स हा या काळाचा शेवटचा मोठा खेळाडू. अटलांटाचा वकील, आणि स्पर्धेत शेवटपर्यंत हौशी. १९३० साली त्याने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडच्या खुल्या आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा सोडून दिल्या. त्याच्या काठ्यांची एक गोष्ट गोल्फच्या जगात नेहमी सांगतात. त्याने त्या वेगवेगळ्या वेळी, केवळ हाताला काय वाटतं यावर जमवलेल्या. पुढे कुणीतरी त्या यंत्रावर तपासल्या, तर एक वगळता बाकी सगळ्या एकमेकींशी जुळत्या निघाल्या. न जुळणारी होती मॅशी-निब्लिक, आणि नेमक्या त्याच काठीचा आपल्याला सदा त्रास व्हायचा असं जोन्स म्हणाला. गोष्टीत पदरचं मीठ किती आहे ते असो. हाताला माप कळतं यावर खेळणाऱ्यांचा किती विश्वास होता, ते तिच्यातून कळतं.

मग पोलाद आलं. पोलादी दांड्याला अमेरिकेने आधी परवानगी दिली होती, सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी ती १९२९ साली दिली. पोलादाचे शंभर दांडे एकसारखे निघतात. काठ्यांना नंबर आले, जुळलेले संच आले, कॅटलॉग आले. लोक पिशवीत वीस-पंचवीस काठ्या भरू लागले, तेव्हा १९३८ साली अमेरिकेने आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने चौदाची मर्यादा घातली. हौशी माणसाची यात सोय झाली, हे मान्य. पण संच कुणाच्या मापाचा? सरासरी माणसाच्या. हा सरासरी माणूस आम्ही वर्गात तीस वर्षं शोधला. तो कधी हजेरीला 'हजर' म्हणाला नाही.

आपल्याकडे हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. छावण्यांतून तो देशभर पसरला, आणि जिथे गवत जगत नव्हतं तिथे साहेबांनी वाळूत तेल कालवून चेंडू घरंगळायची सपाट जागा केली. तिला ग्रीन म्हणता येईना, म्हणून ब्राउन म्हणत. पाथर्डीला शोभेल असा गोल्फ हाच! काठ्या मात्र पेटीतून बोटीने यायच्या, साहेबाच्या उंचीच्या. साहेब बदलून गेला की त्या मागे राहायच्या, आणि आपल्या अधिकाऱ्याच्या, डॉक्टरच्या, संस्थानिकाच्या हातात पडायच्या. उतरलेला कोट लहान करून घेतात. उतरलेली काठी आहे तशी वापरायची रीत पडली.

या काठ्यांची पिशवी उचलणारा तो कॅडी. मुंबईत चेंबूरला १९२७ सालापासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीत राहणाऱ्या कॅडींनी आपला एक खेळ काढला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवायची, वर रबर किंवा चिंध्या गुंडाळायच्या, प्लास्टिकचा चेंडू घ्यायचा आणि गल्लीबोळात खेळायचं. त्याचे फोटो जगभर छापून आले. लोकांना दारिद्र्यातला उल्हास दिसला. आम्हाला त्यात दुसरंच दिसतं. सळई जर पोरगा स्वतः वाकवतो, तर तो ती आपल्या उंचीला आणि आपल्या वाकण्याला जुळेल अशीच वाकवणार. म्हणजे भिंतीच्या आतले सभासद परक्या मापाच्या महागड्या काठ्यांशी झगडत होते, आणि भिंतीबाहेर सळई का असेना, पण मापाची होती.

या कॅडींना शिकवलं कुणी? कुणीच नाही. रोज डझनभर चुकीचे स्विंग आणि एखादा बरोबर स्विंग बघायला मिळणं, हीच शाळा. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर चौरासिया याने ती २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. गिल्बर्ट राइल नावाच्या तत्त्वज्ञाने 'अमुक आहे हे जाणणं' आणि 'अमुक करता येणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मांडलं, एम.ए.च्या मुलांना ते पटवायला आम्हाला दोन तास लागायचे. कॅडीला दाखवलं असतं तर दोन मिनिटांत आटोपलं असतं.

आता आमची स्वतःची फजिती. निवृत्तीनंतर एका छावणीच्या गावी, सैन्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाने आम्ही शिकायला लागलो. कुणीतरी वापरून सोडलेला संच मिळाला. आमची उंची पाच फूट चार इंच. संच सहा फुटी माणसाचा असावा. चेंडू दरवेळी डावीकडे जायचा. शिकवणारे गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, मनगट लवकर वळतंय. मनगट आवळलं. मग म्हणाले, खांदा उघडतोय. खांदा दाबला. तरी डावीकडेच. शेवटी आम्ही मुद्दाम उजवीकडे तोंड करून उभं राहू लागलो आणि चेंडू सरळ जायला लागला! आनंदी आनंद. चार महिन्यांत कंबर धरली, ती सोडेना.

एके दिवशी एका म्हाताऱ्या कॅडीने आमची सात नंबरची काठी उलटी करून तळ दाखवला. घासल्याची खूण फक्त टाचेकडे होती, चवड्याकडे लोखंड कोरं. म्हणाला, "सर, तुमचा हात चुकत नाही. काठीच तुमची नाही."

याचा अर्थ असा. काठी लांब असली की डोकं जमिनीवर सपाट बसत नाही. चवडा वर उचलतो, टाच रुतते, आणि काठीचं तोंड आपोआप डावीकडे वळतं. चेंडू आणि काठीची भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्शाएवढीच असते, हे कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी १९६८ च्या पुस्तकात मांडलं. खाली येणारा स्विंग पाव सेकंदाचा. एवढ्या वेळात मन काही दुरुस्त करू शकत नाही. जे व्हायचं ते काठीच्या कोनात आणि अंगाच्या सवयीत आधीच ठरलेलं असतं. आम्ही काठ्या एक इंच कापून घेतल्या, कोन दोन अंश खाली वाकवून घेतला. तर डोकं हलकं लागायला लागलं, कारण दांडा आखूड झाला की तोल वर सरकतो. मग डोक्यामागे शिशाची पट्टी चिकटवली, दहा-बारा ग्रॅमची.

आणि पहिला चेंडू कुठे गेला? सरळ उजवीकडे, झुडपात. कारण आम्ही अजून जुन्या काठीचेच स्विंग करत होतो. काठी बरी झाली, माणूस वाकडाच राहिला. हौशी माणसाला दुकानात कुणी सांगत नाही ते इथे आहे. काठी मापाची नसेल तर शरीर हळूहळू तिच्या मापाचं होतं. नंतर तुम्ही माप द्यायला गेलात, तर माप त्या वाकलेल्या शरीराचं घेतलं जातं, आणि त्या वाकड्या मापाची, अगदी तंतोतंत जुळणारी काठी तुम्हाला विकली जाते. हल्ली रडार लावून चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी, सगळं पडद्यावर दाखवतात. आकडे खरेच असतात. फक्त कालच्या चुकीने आज जसा फिरतो, त्या माणसाचे असतात.

मग आधी काय, स्विंग की काठी? गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. मैदान, खेळाडू, काठी, स्विंग, आणि चेंडू झाडावर आपटून परत आला तर ते दैव. आमचे शिकवणारे गृहस्थ फक्त कर्त्याला धरून बसले होते. दुकानदार फक्त करणाला धरतो. आमचा अनुभव सांगायचा तर आधी उंचीला ढोबळ जुळणारी काठी घ्यावी, एकच, सात नंबरची. तिच्यावर सहा महिने हात बसू द्यावा. बारीक माप त्यानंतर. पूर्ण संच लगेच घेणारा माणूस आम्हाला लग्नाआधी बारशाचा हॉल बुक करणाऱ्यासारखा वाटतो.

ढोबळ माप कसं घ्यायचं? कार्स्टन सोल्हाइम नावाचा नॉर्वेत जन्मलेला अमेरिकी इंजिनिअर होता, पिंग कंपनीचा संस्थापक. त्याच्या कंपनीने १९७० च्या दशकात काठीच्या कोनाला रंगांची खूण दिली. माणसाची उंची घ्यायची, मग हात सैल सोडून सरळ उभं राहायचं आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. या दोन आकड्यांवरून रंग निघतो. उंची सारखी असून हात लांब-आखूड असतात, म्हणून दोन मापं. दांडूला जे हात लावून बघत होतो, तेच हे, कोष्टकात बसवलेलं.

हेच व्याख्यान थोड्या वेगळ्या रूपात आम्ही गेल्या हिवाळ्यात एका महाविद्यालयात दिलं होतं. संपल्यावर एक मुलगी आली. घरचे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर ऊस तोडायला जाणारे. आपल्या भागात नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. हत्याराचं नाव माणसांना लागलेलं आहे. ती म्हणाली, "सर, आईचा कोयता वडिलांच्याच मापाचा असतो. मूठ तिच्या हातात मावत नाही, चिंधी गुंडाळते. ऊस बुडख्यापासून तोडायचा, म्हणजे दिवसभर वाकूनच. तिची कंबर गेली. सगळे म्हणतात, तिला सवय नाही."

तिला सवय नाही. आमच्या शिकवणाऱ्या गृहस्थांचं वाक्य तरी याहून काय वेगळं होतं? आमची हौस होती. काठी कापायला पैसे होते, कंबर दुखली तर घरी बसायची सोय होती. तिथे उचल घेतलेली असते.

आम्ही तिला म्हणालो, बाळ, सुट्टीत आईचं मनगट ते जमीन माप घेऊन ये, मुठीवर बोटं किती मिटतात तेही बघ, आणि घिसाड्याकडे नवीन मूठ बसवायला जाशील तेव्हा आईला सोबत ने, तिच्या हातात देऊन बघायला सांग. ती पंधरा दिवसांनी वहीच्या पानावर आकडे घेऊन आली. आईचे, वडिलांचे, आणि न सांगता टोळीतल्या आणखी नऊ बायकांचे. ते पान आज आम्ही सोबत आणलं आहे. टेपही आणली आहे. ज्यांच्या घरी कोयता आहे त्यांनी थोडं थांबा, माप कसं घ्यायचं ते इथेच दाखवतो.